डेगीवरची टिचकी

मी चौथी शिकलेला माणूस आहे. अंक काढणारे गुरुजी घरी येऊन म्हणाले, "नामदेवराव, तुमच्या पंगतींचं काहीतरी लिहून द्या." मी म्हणालो, किराण्याच्या यादीशिवाय मी जन्मात काही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, मग यादीसारखंच लिहा. तर लिहितो. वाचणाऱ्यांनी चुका पोटात घालाव्या. माझ्या हातचं आजवर पुष्कळांनी पोटात घातलं आहे.

मी आचारी. घर देऊळगाव राजात, पण लग्नसराईत जिथं भट्टी तिथं अंथरूण. लग्नं केली, तेरव्या केल्या, सप्त्याचे महाप्रसाद केले. किती पंगती उठल्या ते मोजलं नाही. पण एक गोष्ट मी चारचौघांत छाती ठोकून सांगायचो, की नामदेव आचाऱ्याच्या मांडवात कोणी रिकाम्या पत्रावळीसमोर बसलं नाही. सांगायचो, असं लिहिलं आहे. आता सांगत नाही. ते काऊन, म्हणजे का, तेच लिहायला बसलो आहे.

लोकांना वाटतं आचाऱ्याचं काम चवीचं. चवीचं काय घेऊन बसलात. तिखट-मीठ घरोघरच्या बाया रोज बरोबर घालतात. आचाऱ्याचं खरं काम अंदाजाचं. पाहुणे किती येतील हे यजमानाला माहीत नसतं, नवरदेवाच्या बापाला तर मुळीच नसतं, आणि तांदूळ मात्र सकाळीच मोजावा लागतो. आम्ही शेकड्यावर धरतो. शंभर माणसाला आठ-दहा किलो तांदूळ, चार-पाच किलो तुरीची डाळ, भाजीत वांगी इतकी, बुंदीला बेसन इतकं. हे कोणीही पाठ करील. पण शेकडा कागदावर जेवतो, माणूस मांडवात जेवतो. उरलं तर अन्न गुरापुढं टाकावं लागतं. कमी पडलं तर पोरीच्या बापाची मान खाली जाते आणि आचाऱ्याचं नाक जातं.

माझी घरवाली सिंधू. पुऱ्या लाटणाऱ्या आठ-दहा बायांची ती मुकादम होती. तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा लावायची. यजमान यादी करायला घरी आला की मी विचारायचो, "माणसं किती?" आणि ती आतून चहा घेऊन येता येता भलतंच विचारायची.

"नवरदेव कुठून येऊन राह्यला?"

"जिंतूरहून."

"गाडीनं का ट्रॅव्हल्सनं? डीजे हाये का? नवरदेवाले भाऊ किती?"

यजमान माझ्याकडं पाहायचा. मीही म्हणायचो, "अवं, तुले काय करायचं त्याच्या भावाचं?"

"नाचतीन ना ते," ती म्हणायची. "माणसं नका मोजू. उशीर मोजा."

एक हेडमास्तर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. पोरीचं लग्न काढलं, तेव्हा हजेरीपट आखून घेऊन आले. घरवार नावं, पुढं आकडा, खाली बेरीज. म्हणाले, "आचारी, चारशे सत्तावीस. याच्या वर एक नाही, खाली एक नाही. त्या हिशेबानं शिधा सांगा." असं गिऱ्हाईक मला फार आवडतं. मी यादी अगदी काट्यावर केली. लग्नाच्या दिवशी मास्तरांनी मांडवाच्या तोंडाशी माणूस उभा केला होता टिकमार्क करायला. खरं सांगतो, चारशे एकोणतीस आले. दोनच चुकले. असा यजमान मी पुन्हा पाहिला नाही.

पण बाराचं लग्न तीनला लागलं. नवरदेव मारुतीच्या पारापाशी आणि त्याचे चार भाऊ डीजेपुढं. माणूस बाराला जेवला तर दोन पुऱ्या आणि मूठभर भात खातो. त्यालाच तीनपर्यंत उन्हात बसवा, तो आधी पाण्यानं पोट भरतो, मग चिडतो, मग भातावर भात घेतो. आहेर देऊन न जेवता पुढच्या लग्नाला जाणारे जे असतात तेही मग जेवूनच निघतात. मी दुसऱ्या पंगतीलाच घाबरलो. मागं वळून पाहतो तर सिंधूनं बाजूच्या चुलीवर आधण ठेवलेलं, आणि सकाळीच धुऊन टोपल्यात निथळत ठेवलेला वेगळा तांदूळ त्यात वैरत होती. कोणी सांगितलं नव्हतं. "चार भाऊ म्हणे," एवढंच बोलली. मास्तर शेवटी ऐटीत म्हणाले, "पाहा, मोजून केलं की कसं पुरतं." मी हो म्हणालो. गिऱ्हाइकाशी भांडू नये.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भात शिजला की डेगी कोठीच्या खोलीत ओळीनं ठेवायच्या. वरून एकच लांब पांढरं धोतर झाकायचं, पुढं दिवा लावायचा, पहिला घास देवाला. त्यानंतर त्या डेगीत वाकून पाहायचं नाही. काढणाऱ्यानं धोतराचा कोपरा उचलायचा, टोपलं भरायचं, कोपरा सोडायचा. किती उरलं हे पाहिलं की बरकत जाते, असं माझ्या गुरूनं मला सांगितलं, त्याला त्याच्या गुरूनं. नव्या पोरांना हसू येतं. हसा. मी कधी वाकून पाहिलं नाही.

सिंधूही पाहत नव्हती. पण मधून मधून ती पुऱ्या सोडून कोठीत जायची, डेगीला डावा पंजा टेकवायची आणि उजव्या हातातल्या सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, बाहेरून टिचकी मारायची. वर एक, मधे एक, खाली एक. मग एकतर परत येऊन पुऱ्या लाटायला बसायची, नाहीतर आधण ठेवायची. मोठा भात चढवून उतरायला तास लागतो. म्हणून तासभर आधी कळलं तर उपयोग, नाहीतर कच्चा तांदूळ असून नसल्यासारखा. ती तास आधी आधण ठेवायची. कायम. मी त्याकडं कधी लक्ष दिलं नाही. चुलीपाशी धूर असतो, तसं ते होतं.

माझा मुलगा गजानन याच धंद्यात आला आणि बोर्डावर आचारीच्या जागी केटरर्स लिहिलं. त्याची बायको वैशाली बुलढाण्याची, एम. बी. ए. झालेली. लग्न जमवताना आमच्याकडच्या एकानं मला टोमणा मारला होता, "एवढी शिकलेली सून काय कांदे कापणार का?" कांदे तिनं कापले नाहीत. एका दुपारी लॅपटॉप घेऊन ती आमच्या दोघांपुढं ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मामाजी, आई, तुमच्या डोक्यात जे आहे ते मला यात भरायचं आहे. आपण कोणतं काम घ्यावं, कोणतं सोडावं, किती शिजवावं, हे यावरून ठरवू."

मी म्हणालो, "माझ्या डोक्यात काही नाही. हातात आहे."

"मग हाताला विचारून सांगा."

तिनं एकेक गोष्ट विचारली. माणसं, उशीर, ऊन, वाढपी नवे की जुने, पुरीचा आकार, गोड काय आहे. प्रत्येकाचे तीन आकडे मागितले. नेहमी किती असतं, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. मी अडलो की सिंधू सांगायची. ती तांदूळ निवडत बसली होती, मान वर न करता सांगत होती. नवा वाढपी जुन्यापेक्षा किती जास्त वाढतो, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. "नव्याले वाटते मन मोठं दाखवावं," ती म्हणाली. "चार लोकांत पाचव्याचं वाढून ठेवते."

सगळं भरून झाल्यावर वैशाली म्हणाली, "आता गंमत पाहा. सगळं नेहमीच्या आकड्यावर ठेवायचं आणि फक्त एक गोष्ट हलवायची. भात किती कमी-जास्त पडतो ते पाहायचं. मग ती जागेवर ठेवून दुसरी हलवायची. याला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात."

ते नाव मी नंतर तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं, म्हणून इथं लिहू शकलो. पण काम मात्र मला लगेच समजलं. शेतात तीन धोंड्यांची चूल मांडतो तेव्हा डेग चढवण्याआधी आम्ही एकेका धोंड्याला पायानं ढकलून पाहतो. एका वेळी एकच. दोन एकदम ढकलले तर डुगडुगतो कोणता ते कळत नाही. एखादा धोंडा दिसायला मोठा असतो पण त्याला ढकललं तरी काही होत नाही. एखादा लहानगा असतो आणि सगळी डेग त्याच्यावर तोललेली असते. मी हे सुनेला सांगितलं. म्हणाली, "मामाजी, आमच्या सरांना हे समजवायला तीन तास लागले होते."

मग तिनं चित्र काढून दाखवलं. प्रत्येक गोष्टीची एक आडवी पट्टी. जिच्या हलण्यानं भात जास्त हलतो तिची पट्टी लांब आणि वर, बाकीच्या खाली खाली आखूड होत जाणाऱ्या. वर रुंद, खाली टोक, अगदी वावरात उठलेल्या वावटळीसारखं. मी चष्मा लावून जवळ गेलो. माणसांची पट्टी दुसरी होती. सगळ्यात वर, माणसांपेक्षा बोटभर लांब, उशिराची पट्टी.

मी सिंधूकडं पाहिलं. जी बाई अंगठा लावते, तिनं तीस-चाळीस वर्षं चहाचा कप हातात घेऊन जे सांगितलं, तेच यंत्र सांगत होतं, आणि यंत्राला ते कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही फक्त आकडे दिले होते.

"पाह्यलं का," मी म्हणालो. "उशीर वर आला."

"त्यात काय एवढं," सिंधू म्हणाली. खडा काढला, उंबऱ्यापलीकडं फेकला. "मले माहीत होतं."

"आई, तुम्हाला कसं माहीत होतं?"

"उपाशी माणसाचं तोंड पाह्यलं की समजते. त्याले काय मशीन लागते?"

उठता उठता वैशालीनं एक वेगळी यादी वाचून दाखवली. ज्या गोष्टी हलतच नाहीत, ज्या पक्क्या धरल्या आहेत, त्या. भांडी पुरेशी, पाणी टँकरचं, गॅस जास्तीचा. शेवटची ओळ होती, राखीव कच्चा तांदूळ वेळेवर चढतो.

"मामाजी, हे पक्कं धरू ना?"

"धर. ते कधी चुकलं नाही."

सिंधू तिथंच होती. सूप झटकलं आणि आत गेली. तिनं तरी काय बोलावं? ते मी आहे, मला हलवून पाहा, असं कोणी आपल्या तोंडानं म्हणतं का?

त्या कागदानं आम्हाला दोन हंगाम फार शहाणं केलं. मी शिकलेल्यांच्या गोष्टीवर सहसा विश्वास ठेवत नाही, पण याच्यापुढं मान वाकवली. एका बड्या माणसाचं काम वैशालीनं सोडायला लावलं, कारण तिथं पुढाऱ्यांची भाषणं होणार होती आणि उशिराची पट्टी आवरत नव्हती. ते काम दुसऱ्यानं घेतलं आणि त्याची काय गत झाली ते मी लिहीत नाही, तो माझा सोयरा लागतो. वाढप्यांना तिनं एकसारखे डाव घेऊन दिले आणि तेवढ्यानं उष्टं निम्म्यावर आलं. मी रोज चकित व्हायचो. मोठ्या मोठ्या गोष्टी ढकलाव्या तर हलत नाहीत, आणि एक डाव बदलला की डेगभर भात वाचतो.

मग सिंधू गेली. दिवाळीनंतर ताप आला, छातीत कफ झाला, जालन्याला नेलं, नवव्या दिवशी गेली. याहून जास्त लिहिता येत नाही. तेरवीचा स्वयंपाक मी केला. लोक म्हणाले, दुसऱ्या आचाऱ्याला सांगा. मी म्हणालो, तिला दुसऱ्याच्या हातचं आवडत नव्हतं. त्या दिवशी भात उरला. मी समजलो, लोकांना जेवण गेलं नाही म्हणून उरला.

पुढच्या उन्हाळ्यात एकाच दिवशी, एकाच मुहूर्ताची दोन लग्नं आली. एक डोणगावला, एक दुसरबीडला. मी जन्मभर एका दिवशी एकच लग्न घेतलं. गजानन म्हणाला, "बाबा, दोन्ही गावं एकाच रस्त्यावर हायेत. दुसरबीडच्या कांताबाईले नाही कसं म्हणता? मोठीचं लगन आपणच केलं होतं." कांताबाई अंगणवाडीत मदतनीस. नवरा नाही. धाकटीचं लग्न तिनं एकटीनं उभं केलं होतं.

वैशालीनं कागद काढला. माणसं वाटून पाहिली, वाढपी वाटून पाहिले, उशीर दोन तास धरून पाहिला, तीन धरून पाहिला. डोणगावला गजानन आणि दुसरबीडला मी अन् ती, असं ठेवलं तर निभत होतं. तिनं मला तीनदा दाखवलं. मीच म्हणालो, "घे. तुझा कागद आजवर खोटं बोलला नाही." म्हणजे हो म्हणणारा मी होतो, हे इथं नोंदवून ठेवतो.

दुसरबीडला लग्नाला दोन तास उशीर झाला. आम्ही हसलो एकमेकांकडं पाहून, कारण दोन तास धरलेलेच होते. माणसं धरली त्यापेक्षा थोडी जास्त, तीही पट्टीच्या आत. मी पुऱ्यांच्या कढईवर, वैशाली मधून मधून फोनवर डोणगावचं विचारत होती, तिथंही ठीक चाललं होतं. पंगतीमागून पंगत उठत होती आणि मला वाटत होतं, काय चीज आहे ही. सकाळी कागदावर जे पाहिलं ते दुपारी मांडवात चालताना दिसतं आहे. सिंधूनं पाहायला पाहिजे होतं.

शेवटची पंगत घरच्या बायांची असते. सगळ्यांना वाढून झालेल्या मावश्या, आत्या, आणि पोरीची माय. कांताबाईला कन्यादान होईपर्यंत उपास होता, सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. त्या अकराजणी बसल्या, पुरी-भाजी वाढून झाली, आणि भात काढणारा कोठीतून आला.

"मामा, भात."

"मंग काढ ना. तिसरी डेग हाये."

"तिसरीच दाखवून राह्यलो तुम्हाले."

मी कोठीत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा ते धोतर पूर्ण ओढलं. दोन डेगी रिकाम्या, ते बरोबरच होतं. तिसरीच्या बुडाला जळकी खरपुडी तेवढी. लग्नाला उशीर झाला तेव्हा वऱ्हाडातली लेकरं रडायला लागली होती, त्यांना कोणीतरी मधेच तिसरीतून भात काढून दिला होता. मग प्रत्येकजण जवळच्या डेगीतून काढत गेला आणि तिसरी भरलेली आहे असं धरून चालला. मीही धरलं, वैशालीनंही धरलं. बाजूला टोपल्यात धुतलेला कच्चा तांदूळ होता. भरपूर होता. निथळून कोरडा झाला होता. आधण कोणी ठेवलं नव्हतं.

मी आधण ठेवायला सांगितलं आणि पंगतीसमोर जाऊन उभा राहिलो. आडून बोलायची मला सवय नाही. म्हणालो, "कांताबाई, भात संपला. चूक माझी हाये. तासभर लागन."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. एक आत्या म्हणाली, "पोरीची माय उपाशी हाये आचारीबुवा, आणि तुम्ही आता सांगून राह्यले?"

कांताबाई रागावली नाही. माझ्या मागं पाहत होती, कोणाला तरी शोधत असल्यासारखी. म्हणाली, "मोठीच्या लग्नात तुमच्या संग एक बाई होत्या. डेग वाजवत फिरत होत्या. त्या नाही आल्या का?"

"नाही."

"काऊन?"

"दिवाळीनंतर वारली."

तिनं हातातला पुरीचा तुकडा खाली ठेवला. "मंग कोणी वाजवली नाही," ती म्हणाली. टोमणा नव्हता. जसं आहे तसं म्हणाली.

जी गोष्ट माझ्या घरात माझ्यासमोर चाळीस वर्षं चालली, ती दुसरबीडच्या एका बाईनं एका दिवसात पाहून ठेवली होती.

तेवढ्यात नवरदेवाकडून निरोप आला, गाड्या निघतात, पोरीला आणा. त्यांना लांब जायचं होतं. थांबा म्हणायचं मला तोंड नव्हतं. कांताबाई भरल्या ताटावरून उठली, हात धुतला, आणि पोरीची पाठवणी तिनं उपाशीपोटी केली. पोरगी गळ्यात पडली तेव्हा कांताबाईचा तोल गेला, दोघींनी धरलं. लोकांना वाटलं रडण्यानं. मला माहीत होतं कशानं.

गाड्या गेल्यावर भात उतरला. मी स्वतः वाढला. कांताबाईनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाली, "चांगला झाला हो भात. मोकळा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वैशाली आणि मी टेम्पोनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन त्याच ओट्यावर बसली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "मामाजी, चूक माझी. मी ती ओळ पक्क्या गोष्टींत टाकली."

"मीच म्हणालो होतो, धर."

"जी गोष्ट कधी चुकत नाही ती कोणामुळं चुकत नाही, हे विचारायला पाहिजे होतं मी."

तिनं ती ओळ पक्क्यातून काढली आणि हलणाऱ्या गोष्टींत घातली. वेळेवर, अर्धा तास उशिरा, तासभर उशिरा. बाकी सगळं जागच्या जागी. मग बटण दाबलं. वावटळीच्या डोक्यावर एक नवी पट्टी आली. उशिराच्या वर, माणसांच्या वर. उशिराची तिच्यापुढं निम्मी दिसत होती. माझं नाव, माझी छाती ठोकणं, त्या उपाशी न उठलेल्या पंगती, सगळी डेग या एका धोंड्यावर होती, आणि मी त्याला एकदाही पाय लावून पाहिला नव्हता.

"हिच्यापुढं काय लिहू?" वैशालीनं विचारलं.

मी म्हणालो, "सिंधू लिही."

तिनं लिहिलं. आजही तसंच आहे. आमच्याकडं काम ठरवायला येणाऱ्याला ते चित्र दाखवलं की तो विचारतो, हे सिंधू म्हणजे काय?

त्यानंतर मी एक ठरवलं. रीत मोडायची नाही, पण टिचकी शिकायची. घरातली मोठी पितळी डेग काढली, वैशालीला म्हणालो, मी बाहेर जातो, तू पाहिजे तितका भुसा भर आणि धोतर झाक. मग मी सराटा घेऊन वाजवायचो. वर, मधे, खाली. मला काही ऐकू यायचं नाही. बर्नरच्या फुर्रफुर्र आवाजाशेजारी जन्म गेला, माझे कान कधीचेच गेले आहेत. वैशालीला आठवडाभरात आवाज कळायला लागला. ठण्ण आणि ठप्प, ती म्हणायची. मला सगळं ठप्पच. मी चिडायचो आणि सराटा फेकायचो.

एकदा अशाच चिडीत मी डाव्या हाताचा पंजा डेगीला टेकवून नुसता उभा होतो. सिंधू टेकवायची तसा. मला कायम वाटायचं, ती भात गरम आहे का पाहते. उजव्या हातानं उगाच एक टिचकी मारली आणि पंजा झिणझिणला. थोडा खाली सरकवला, पुन्हा मारली. झिणझिणला. आणखी खाली सरकवला, मारली, आणि काहीच नाही. हाताखाली दगड असावा तसं गच्च.

मी वैशालीला म्हणालो, "भुसा अर्ध्याच्या दोन बोटं खाली हाये."

तिनं धोतर उचललं. आत बोटं लावून पाहिली. बरोबर दोन.

म्हणजे सिंधू भाताची ऊब पाहत नव्हती. मांडवात डीजे चालू असायचा, बर्नर चालू असायचे, तिलाही काय डोंबल ऐकू येत असेल? ती पंजानं ऐकत होती. तिनं मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

या हंगामात कोठी मी सांभाळतो. कढईवर माझं आता काही काम नाही. दर अर्ध्या तासानं आत जातो, दिव्याला हात जोडतो, डेगीला डावा पंजा लावतो आणि टिचकी मारतो. हात थरथरत खाली येतो. जिथं थरथर थांबते, तिथपर्यंत भात आहे.